मनगटाची ओळख

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरातली बागेसरी रात्रीची विझत नसे. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. घरोघरी चकल्या-कडबोळ्यांचा वास दरवळत असे, आणि आमच्या ओसरीवर मात्र कोळशाचा, टाकणखाराचा आणि तापलेल्या चांदीचा. पाडव्याच्या ओवाळणीसाठी कुणाला जोडवी हवी असत, भाऊबिजेला बहिणीच्या हातावर ठेवायला कुणाला बिलवर. कुणाच्या लेकीचा पहिला दिवाळसण असे. सगळ्यांनाच वेळेवर हवे असे, आणि दादा (आम्ही भावंडे वडिलांना दादा म्हणत असू) फुंकणीतून तोंड न काढता सगळ्यांना एकच प्रश्न विचारीत : "कुणासाठी?"

काय हवे, किती तोळ्यांचे हवे, हे त्यानंतर. आधी कुणासाठी. उत्तर मिळाले की दादांचे निम्मे काम झालेले असे. कारण आमच्या गावात बारशाच्या सुमारास ज्याचे कान त्यांनी टोचले नव्हते असे मूल विरळाच. सोनारानेच कान टोचावेत, ही म्हण पुढे लोकांनी कानउघाडणीच्या अर्थाने वापरली. पण सोनाराचे आणि गिऱ्हाइकाचे नाते खरोखरच तिथून सुरू होई. कान टोचताना रडलेली पोर पुढे त्याच ओसरीवर नथीसाठी नाक टोचायला, मग डोरल्याला, मग स्वतःच्या पोरीला कडेवर घेऊन येई.

पाथर्डीजवळच्या एका खेड्यातल्या ह्या ओसरीवर माझे बालपण गेले. मी स्वतः हातोडी धरली नाही, शाळामास्तर झालो. त्यामुळे हा लेख कारागिराचा नव्हे, कारागिराच्या मुलाचा आहे. नगर जिल्ह्यात हाताने घडवलेला दागिना विकणारा आणि तो घालणारी ह्यांच्यामध्ये काय होते, ते मला जसे दिसले तसे वाचकांपुढे ठेवायचे आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे; पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात नगर येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

*

ह्या कथेचा आरंभ कुठे करावा? माझ्या मते नेवाशाला करावा. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ ह्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया ह्यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाण वस्तीत घरांच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुले सापडली. त्या काळचे लोक आपले मेलेले मूल मातीच्या रांजणात ठेवून घरातच पुरीत. त्याला दूर धाडवत नसे म्हणा. त्यांतल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीन हजार वर्षांत सुताचे काय उरणार? पण तांब्याच्या क्षारांनी मण्यांतला धागा राखला होता. तज्ज्ञांनी तो तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम असे दोन्ही तंतू आढळले.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा दादांना वाचून दाखविली. त्यांनी रेशमाचे नवल केले नाही. "पटवेकरी अजून तसंच करतो," ते म्हणाले. "नुसतं सूत कुजतं, नुसतं रेशीम सरकतं." मग थोडे थांबून म्हणाले, "तान्ह्या पोराचा गळा रोज वाढतो. ती माळ करणाऱ्याला गळ्याचं माप ठाऊक असणार." इतिहासाच्या पुस्तकात त्या माळेचा काळ होता, धातू होता, धाग्याचे पृथक्करण होते. ती कुणासाठी केली, हे विचारणारा मात्र आमच्या ओसरीवर बसला होता.

ह्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सोने आणि त्याचे अलंकार हा दृष्टान्त ज्ञानेश्वरांनी पुन्हापुन्हा योजला आहे. नाव आणि आकार बदलतात, सोने तेच राहते, हे ऐकणाऱ्याला कळायचे तर त्याने दागिना मोडून दुसरा घडवताना पाहिलेला असला पाहिजे. आणि आपल्या बायाबापड्यांनी तो नेहमीच समोर बसून पाहिला आहे.

पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा तर वाचकांना ठाऊकच आहे. एका सावकाराने विठ्ठलाला कमरेचा करगोटा नवस केला. नरहरी कट्टर शिवभक्त. विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकीना. दुसऱ्याने आणलेल्या मापावर करगोटा केला, तो एकदा आखूड पडला, एकदा लांब झाला. अखेर डोळे बांधून ते गाभाऱ्यात गेले आणि हाताने चाचपले, तो शंकराच्या खुणा लागल्या; डोळे उघडावेत तर विठ्ठल. कीर्तनकार ह्या कथेतून हरिहरांचे ऐक्य सांगतात, आणि ते योग्यच आहे. दादा तिच्यातून धंद्यातला पहिला धडा काढीत : दुसऱ्याच्या हाती आलेल्या मापावर दागिना करू नये. गिऱ्हाइकाला हात लावल्याशिवाय माप कळत नाही, मग ते गिऱ्हाईक देव का असेना.

*

आमचे खरे गिऱ्हाईक गावात नव्हते. ते फाल्गुनात मढीला भेटे.

पाथर्डी तालुक्यातले मढी हे कानिफनाथांच्या समाधीचे ठिकाण. शाहूराजांच्या सुटकेसाठी येसूबाईंनी ह्या नाथांना नवस केला होता, अशी आख्यायिका तिथे सांगतात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा चाले, रंगपंचमीला तिला ऊत येई. गाढवांचा मोठा बाजार हे त्या यात्रेचे वैशिष्ट्य. वडार, कैकाडी, वैदू, गोपाळ, कोल्हाटी, किती म्हणून जमातींची नावे सांगावीत! वर्षभर महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर विखुरलेली ही माणसे तिथे एकत्र येत, सोयरिकी जमवीत, जातपंचायती बसवून तंटे मिटवीत. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात ते उगीच नव्हे.

ज्याला घर नाही, शेत नाही, पेटी नाही, त्याने चार पैसे ठेवायचे कुठे? बायकोच्या अंगावर. ह्या बायांच्या पायांतले तोडे, दंडातल्या वाक्या, गळ्यातल्या सऱ्या ही त्यांची पतपेढी होती, आणि ती पतपेढी त्यांच्याबरोबर गाढवाच्या मागे चालत असे. चोराला ती सहजासहजी नेता येत नसे, आणि नड पडली की कुठल्याही गावी मोडता येई. सोन्याचा गुंजभर तुकडा त्यांना परवडत नसे, चांदी परवडे. म्हणून दादा मढीला मुख्यतः चांदीच नेत.

१९५८ साली, नऊ वर्षांचा असताना, मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो. एका बाजूला कासार बांगड्यांच्या माळा टांगून बसलेले, दुसऱ्या बाजूला मण्यारी आणि पटवेकरी, पलीकडे रेवड्यांचे ढीग. गाढवांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. तिसऱ्याला कळू नये म्हणून. दादांनी मला ते दाखविले आणि म्हणाले, "आपल्याकडं हे नाही. आपला काटा उघड्यावर."

आणि खरोखरच त्यांचा काटा पालाच्या तोंडाशी, उन्हात टांगलेला असे. वजन गुंजांचे : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. चांदीला मात्र वजन म्हणून रुपयाच घालीत. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. खेड्यातल्या अडाणी बाईलाही हे गणित पाठ होते : चाळीस रुपये एका पारड्यात, तोडे दुसऱ्या पारड्यात. १९४० नंतरच्या रुपयांत निम्मीच चांदी राहिली आणि पुढे तीही गेली. तेव्हापासून राणीछाप रुपयाला निराळी किंमत आली. बाया पदराच्या गाठीतून ते काढून देत : हेच आटवा, ह्यातलेच करा, आमच्यासमोर करा.

नाण्यांचे दागिने आपल्याकडे काही नवे नाहीत. आपल्या आज्यांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ पाहा. ती पुतळी मूळची व्हेनिसच्या ड्यूकॅट नाण्याची नक्कल. त्या नाण्यावर संत मार्क उभे आणि त्यांच्यापुढे व्हेनिसचा राज्यप्रमुख गुडघे टेकून बसलेला. समुद्रापलीकडून व्यापारात आलेल्या ह्या चित्रात आमच्या लोकांनी आपल्या देवता पाहिल्या आणि बिनदिक्कत गळ्यात घातल्या. दागिना घालणारीचा होतो तो असा.

*

दादांची विकण्याची रीत मी त्या यात्रेत पाहिली. ते मालाची तारीफ करीत नसत. "कुणासाठी?" विचारीत, आणि उत्तर मिळाल्यावर दागिना सरळ हातावर ठेवीत. थोरल्या सुनेसाठी, म्हटले की सून समोर बसवायला सांगत. दोऱ्याने मनगटाचे माप घेत. दोऱ्याला गाठ मारून तो खिशात टाकीत. पुढच्या वर्षी बाई आली की नाव आठवत नसे, पण दोन बोटांनी मनगट धरले की म्हणत, "तू गेल्या साली गोठ नेलेस. वाळलीस फार. आजारी होतीस का?" ती बाई तिथेच बसून सांगू लागे. मग त्या दिवशी विक्री होवो न होवो, पाल रिकामे होत नसे.

पण सोनारांची थोरवी गाऊन मला वाचकांची फसवणूक करायची नाही. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असे लोक म्हणत आले, ते अनुभवाने. तार ओढताना, कानस मारताना पडणारा कीस कुणाचा? आटवताना झालेली तूट खरी किती? सांधा जोडायला जी हलकी झाळ वापरतात तिचे वजन कुणाच्या नावे? सोनाराच्या दारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी त्यावर संसार चालवीत. त्या मातीत गिऱ्हाइकाचाही भाग असेच. म्हणूनच बाया समोर बसून राहत, पापणी लवू देत नसत. विश्वास आंधळा नव्हता. डोळे उघडे ठेवून वर्षानुवर्षे पारखून घेतलेला होता.

मी चौदा वर्षांचा झालो त्या साली, १९६३ च्या जानेवारीत, सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला. नुकतेच चीनचे युद्ध झालेले. सोन्याची हाव आणि चोरटी आयात रोखण्यासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाई ह्यांनी चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली. चौदा कॅरट म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भागांहूनही कमी सोने. असा दागिना कुणी घेईना. देशभर लक्षावधी सुवर्णकारांच्या बागेसऱ्या विझल्या. कित्येकांनी जीव दिले. तीन-चार वर्षांत चौदा कॅरटची अट गेली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा, परवाने आणि नोंदवह्या १९९० पर्यंत राहिल्या.

आमच्या नात्यातली चांगली चांगली कारागीर माणसे तेव्हा भाजी विकू लागली. आमची चूल पेटत राहिली ती मढीच्या बायांमुळे. हुकूम सोन्यावर होता, चांदीवर नव्हता. ज्यांना सोने कधी परवडले नाही, त्या गिऱ्हाइकांनी आम्हाला तारले. मात्र त्याच वर्षी दादांनी मला जवळ बसवून सांगितले, "तू शीक. हा धंदा एका कागदानं बंद होतो." मी मास्तर झालो तो असा. ते शहाणपण होते हे खरे. त्यांच्या हातची कला माझ्यापाशी थांबली हेही खरे.

*

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो.

नगर जिल्हा हा दुष्काळी मुलूख. दुष्काळ आला की दागिने उलटे चालू लागतात. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनच्या खेड्यापाड्यांतले चांदीचे दागिने ढिगांनी मुंबईच्या टाकसाळीत जाऊन वितळले. पिढ्यांनी अंगावर साठवलेली पतपेढी दोन वर्षांत रिकामी झाली. तसाच १९७२ चा दुष्काळ. माणसे पाझर तलावांवर आणि खडी फोडायला जात होती, मुले सुकडी खात होती, घरोघरी परदेशी मिलोच्या भाकरी होत्या. १९७३ च्या फाल्गुनात मढीची यात्रा भरली, पण दादांच्या पालापुढे घेणाऱ्या नव्हत्या, मोडणाऱ्या होत्या.

मी त्या साली सुट्टीत हिशेब लिहायला गेलो होतो. एक बाई आली. तिने पदराआडून तोड्यांचा जोड काढून ठेवला. दादांनी तो हातात घेऊन फिरविला आणि म्हणाले, "हा माझ्या हातचा. दहा वर्षं झाली. चाळीस भार होता." काट्यावर साडेअडतीस भरला. डाव्या तोड्याला पोचा आला होता.

दीड भार झिजला होता, तो वजा झाला. पण मी झाळीचा बट्टाही कापू लागलो, तशी त्यांनी माझा हात धरला. सगळे सराफ कापतात, मी हलक्या आवाजात म्हणालो. दादा बाईला ऐकू जाईल असे बोलले : "झीज तिची, झाळ माझी. विकताना झाळीचं वजन मी चांदीच्या भावानं घेतलंय. आता घेताना ती कथील कशी होईल?"

बाईने पैसे मोजून घेतले. मोकळ्या पायांकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "सोनारमामा, पाय हलकं लागत्यात."

त्या वर्षी आलेली सगळी मोड आटवली. तो जोड दादांनी आटवला नाही. फडक्यात बांधून ठेवला. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "बरं साल आलं की ती पुन्हा करायला येईल. चांदीचे पैसे देईल, पण घडणावळ कुठून देईल? तयार असलेले बरे." तिचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. फडक्यात चिठ्ठी होती, तिच्यावर एवढेच : डाव्यास पोचा, घोटा बारीक.

पुढे दर फाल्गुनी ते गाठोडे मढीला जाई आणि परत येई. १९८६ साली दादा गेले. ती बाई आली नव्हती.

*

आता काळ बदलला आहे, आणि सगळाच वाईट बदललेला नाही. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली; १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असल्याशिवाय विक्री करता येत नाही. ज्या म्हणीत आमच्या जातीचे नाव आले, तिच्यावरचे हे औषधच आहे. दागिन्याला स्वतःची ओळख मिळाली ह्याचा मला आनंद आहे. घालणारीची ओळख मात्र त्या सहा खुणांत मावत नाही. ती कुणीतरी ठेवावी लागते.

माझ्या नातीने दादांची जंतरपट्टी माळ्यावरून काढली. भोकाभोकांतून तार ओढून बारीक करायची ती पोलादी पट्टी. पितळेच्या आणि चांदीच्या तारेचे दागिने ती हाताने करते, आणि बचत गटाच्या बायांबरोबर नगरला साईज्योती प्रदर्शनात, इतर शहरांतल्या जत्रांत दुकान मांडते. पहिल्या वर्षी मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. प्रत्येक दागिन्यापुढे किमतीची चिठ्ठी लावून ती मोबाइलकडे बघत बसली होती. माणसे येत, पाहत, फोटो काढीत, पुढे जात. दुपारी मी तिला दादांचा प्रश्न सांगितला.

ती हसली. पण पुढची बाई आली तेव्हा तिने विचारले, "कुणासाठी बघताय, काकू?"

बाई थांबली. म्हणाली, "सून आहे. तिला आमच्याकडचं काही आवडत नाही." आणि मग अर्धा तास उभी राहून तिने सुनेबद्दल जे सांगितले, ते बहुधा सुनेलाही सांगितले नसेल. जाताना एक साधे कडे घेऊन गेली. चार दिवसांनी सुनेचा फोन आला : माप थोडे सैल होते, घट्ट करून मिळेल का? नातीने तिला बोलावून घेतले, दोऱ्याने मनगट मोजले आणि माप वहीत लिहून ठेवले. दादा दोरा खिशात टाकीत; ही वहीत लिहिते. मला त्यात फरक वाटला नाही.

गेल्या वर्षी दुकान सजवताना तिने दादांचे गाठोडे सोडून ते तोडे मांडावर ठेवले. घडण जुनी, वजनदार. सगळ्यांची नजर त्यांवर जाई. एका हौशी बाईंनी किंमत विचारली, मग नात गप्प राहिली म्हणून स्वतःच सांगितली. आकडा मोठा होता. त्या दिवशीच्या साऱ्या विक्रीहून मोठा. मी मागे बसून पाहत होतो आणि, खरे सांगायचे तर, मनात म्हणत होतो की दे आता. पन्नास वर्षे झाली, ती बाई कसली येते!

नातीने तोडे उचलून पुन्हा फडक्यात बांधले.

"विकायचे नाहीत हो," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाचे आहेत."

ह्या फाल्गुनात आम्ही दोघे मढीला जाणार आहोत. गाठोडे बरोबर असेल.